नव्या ऑफ-रोड गाडीचे थरथरणारे स्टिअरिंग आणि अर्धवट राहिलेली दुरुस्ती

लॅडर फ्रेम (शिडीसारख्या सांगाड्याची) चेसिस, पुढे-मागे सलग ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच आस), लो रेंजची (वेग कमी, जोर जास्त देणाऱ्या गिअरची) सोय आणि मागच्या डिफरन्शियलला (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअर-यंत्रणेला) लॉक असलेली ही डिझेल गाडी ज्या कामासाठी बनवली आहे ते काम ती उत्तम करते, हे आधीच नोंदवतो. खडकाळ चढावर लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला पायही न लावता, ती संथपणे वर चढत जाते. एक चाक अधांतरी असले तरी लॉक लागताच दुसऱ्या चाकाच्या जोरावर बाहेर पडते. तिची रचना करणाऱ्यांविषयी त्या क्षणी मनापासून आदर वाटतो. म्हणूनच पहिल्या सर्व्हिसिंगच्याही आधी डांबरी रस्त्यावर सुरू झालेला आणि अजूनही न सुटलेला दोष जास्त सलतो.

ताशी 70 ते 80 किलोमीटर वेगाने जाताना पुढचे एखादे चाक पुलाच्या सांध्यावरून किंवा लहानशा खड्ड्यावरून गेले, की स्टिअरिंग डावी-उजवीकडे जोरजोरात हलू लागते. पकड कितीही घट्ट केली तरी ते थांबत नाही. वेग बराच खाली आणल्यावरच शांत होते. पुढे सलग ॲक्सल असलेल्या गाड्यांमध्ये हा प्रकार ओळखीचा आहे आणि जाणकार त्याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. दोन्ही चाके एकाच ॲक्सलवर असल्याने एका चाकाला बसलेला झटका दुसऱ्यापर्यंत पोहोचतो, आणि मधल्या सांध्यांत कुठे प्ले, म्हणजे सैलपणा, असेल तर तो विरण्याऐवजी वाढत जातो. मागून भरधाव वाहने येत असताना अचानक वेग कमी करावा लागणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

सर्व्हिस सेंटरचे पहिले उत्तर होते, ‘ऑफ-रोड टायर आहेत, थोडेफार होणारच.’ रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल चाकाचा तोल बिघडवतो, हे खरेच आहे. त्यामुळे रिम धुणे, बॅलन्सिंग करणे, पुढचे टायर मागे घालून पाहणे या गोष्टी आधी करायलाच हव्या होत्या आणि त्या झाल्याही. फरक पडला नाही. मग स्टिअरिंग डॅम्पर बदलला. काही काळ बरे वाटले, वॉबल परतला, तेव्हा पुन्हा नवा डॅम्पर बसवला. माझा खरा आक्षेप इथे आहे. डॅम्पर हा आडवा बसवलेला एक छोटा शॉक ॲब्सॉर्बर असतो. रस्त्यावरून येणारे धक्के शोषणे एवढेच त्याचे काम. सगळे सांधे घट्ट असतील तर डॅम्पर थकला म्हणून गाडी इतकी हिंदकळू नये. नवा डॅम्पर मूळ दोष काही दिवस झाकतो, आणि तेवढ्यात जॉब कार्डावर ‘तक्रार निवारण’ असा शेरा पडून जातो.

दोष कुठे आहे याचा अंदाज लिफ्टवर चढवण्याआधीही घेता येतो. या आकाराच्या टायरचा घेर सुमारे 2.4 मीटर असतो, म्हणजे ताशी 80 किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण नऊ वेळा फिरते. डिफरन्शियलचे गुणोत्तर चारच्या आसपास धरले, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार फेरे, तर ॲक्सलपर्यंत जोर नेणारा प्रॉपेलर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला छत्तीसच्या घरात फिरतो, आणि त्याचे कंपन फ्लोअरला व सीटला बारीक गुणगुणल्यासारखे जाणवते. माझ्या गाडीतले हेलकावे मंद आणि ठसठशीत आहेत, क्लच दाबून इंजिन वेगळे केले तरी चालूच राहतात. त्यामुळे इंजिन आणि शाफ्ट बाजूला ठेवून पुढचा ॲक्सल व स्टिअरिंग यांकडेच लक्ष द्यायला हवे होते. प्रत्यक्षात वर्कशॉपशेजारच्या गुळगुळीत रस्त्यावर, कमी वेगात फेरी मारून ‘टेस्ट ड्राइव्ह घेतली, दोष आढळला नाही’ असे लिहिले गेले.

मी आग्रह धरल्यावर एका ज्येष्ठ मेकॅनिकने चाके जमिनीवर ठेवूनच तपासणी केली. इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने खाली जाऊन प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा, अशी ही साधी पद्धत आहे. गाडी लिफ्टवर लटकत असताना वजनच नसल्याने जे लपले होते, ते लगेच हाताला लागले. पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सलला आडवे सरकू न देणारा दांडा, चेसिसच्या ब्रॅकेटपाशी दर वळणाला ‘टक्’ असा हलत होता. बोल्टच्या वॉशरभोवती काळा रंग घासून चकाकत्या धातूची चंद्रकोर उमटली होती. त्या मेकॅनिकने हे न लपवता दाखवले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पुढे मात्र बोल्ट आवळण्यापलीकडे काही झाले नाही, आणि तोही गाडी लिफ्टवर असतानाच आवळला. रबरी बुशचे (सांध्यातल्या रबरी अस्तराचे) बोल्ट गाडीचे पूर्ण वजन चाकांवर असताना, टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाइतकेच आवळायचे असतात. नाहीतर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. शिवाय सैल बोल्टने ब्रॅकेटचे भोक लांबट केले असेल, तर नुसते आवळून ते पूर्ववत होत नाही. अपेक्षेप्रमाणे वॉबल परत आला. वॉरंटीत रॉड बदलण्याची विनंती ‘भाग तुटलेला नाही’ म्हणून फेटाळली गेली. अलाइनमेंटच्या रिपोर्टवर टो (वरून पाहता चाके आत की बाहेर वळलेली आहेत याचे माप) तेवढा छापलेला होता. वेगात चाक सरळ ठेवणाऱ्या कॅस्टर कोनाचा रकानाच रिकामा होता, आणि तो अजूनही भरून मिळालेला नाही.

अशी तक्रार असणाऱ्यांनी जॉब कार्डावर ‘स्टिअरिंगमध्ये कंपन’ असे मोघम लिहू देऊ नये. कोणत्या वेगाला, कशावरून गेल्यावर आणि कसे थांबते, हे आपल्या शब्दांत लिहून घ्यावे, सही झालेली प्रत घरी न्यावी. शेजारी बसलेल्याने स्पीडोमीटरसह काढलेला व्हिडिओ सर्वांत उपयोगी पडतो, कारण त्यानंतर ‘दोष आढळला नाही’ म्हणणे अवघड होते.

कच्च्या रस्त्यावर ही गाडी आजही माझी पहिली पसंती आहे. हमरस्त्यावर मी ती 60 च्या वर नेत नाही आणि कुटुंबाला घेऊन लांबच्या प्रवासाला निघत नाही. नवा पॅनहार्ड रॉड, दोन्ही बुश, नवे बोल्ट, ब्रॅकेटच्या भोकाची मोजणी आणि कॅस्टरसह अलाइनमेंटचा पूर्ण रिपोर्ट, अशी लेखी मागणी कंपनीच्या तांत्रिक विभागाकडे दिली आहे. उत्तर येईपर्यंत गाडीला पाचपैकी चार आणि सर्व्हिस सेंटरला एक गुण देत आहे. तो एक त्या मेकॅनिकसाठी.