पेठेतल्या जुन्या घराचा दर्शनी भाग : सिमेंटचे नूतनीकरण की चुन्याची दुरुस्ती?

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत किंवा महाद्वार रोडच्या मागच्या गल्ल्यांत ज्यांचे जुने कौलारू घर आहे, त्यांच्यापुढे बाहेरच्या कामाचे सहसा दोन प्रस्ताव येतात. पहिल्यात सिमेंटचा गिलावा, त्यावर टाइल्स, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि कौलांच्या जागी रंगीत पत्रा असतो. दुसऱ्यात चुन्याचा गिलावा, सागवानी खिडक्यांची दुरुस्ती आणि वासे तपासून कौले पुन्हा बसवणे असते. संकल्पचित्रावरून निवड करण्याआधी पावसाचे पाणी भिंतीत कुठून शिरेल आणि शिरलेले पाणी कुठून बाहेर पडेल, एवढे दोन्ही ठेकेदारांना विचारावे. माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो.

भिंतीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. जुन्या भिंती दगड, वीट, माती आणि चुन्याच्या असतात. त्या जमिनीतली ओल वर ओढतात आणि पृष्ठभागातून हवेत सोडतात. त्यांच्यावर सिमेंटचा घट्ट थर चढवला की ओल बाहेर पडण्याची वाट अडते, ती वर चढत राहते, क्षार विटांच्या आत साचून स्फटिक होतात आणि लोणा धरून वीट आतून भुसभुशीत होते. सुरुवातीची काही वर्षे भिंत बाहेरून कोरडी आणि नेटकी दिसते, म्हणूनच हा दोष लवकर ध्यानात येत नाही. गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागतात तेव्हा वीटही सोबत निघते. चुन्याचा गिलावा मऊ आणि सच्छिद्र असल्याने ओल जाऊ देतो आणि झीज स्वतःवर घेतो, त्यामुळे बदलावा लागतो तो गिलावा, भिंत नव्हे. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेकाठच्या ज्या वस्त्यांत पाणी आले, तिथे हा फरक अधिकच मोलाचा आहे, कारण पाण्यात राहिलेली भिंत वाळायला तिचा पृष्ठभाग मोकळा हवा.

सिमेंटच्या बाजूने सांगण्यासारखेही बरेच आहे. ते लवकर होते, सुरुवातीचा खर्च कमी येतो आणि कोणताही गवंडी ते करतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो, त्याला अनेक आठवडे ओलसर ठेवावे लागते आणि घाणीचा, म्हणजे दगडी चाकाच्या घाणीत दळलेला, चुना वापरलेला कारागीर शोधावा लागतो. नव्याने सिमेंट-काँक्रीटमध्ये बांधलेल्या मागच्या खोल्यांना मात्र सिमेंटच योग्य. तिथे चुन्याचा आग्रह धरू नये.

छपराच्या बाबतीत निवड इतकी एकतर्फी नाही. पत्रा हलका असतो आणि त्याला सांधे कमी असल्याने गळतीही कमी होते. पण तो उन्हात तापतो आणि जून ते सप्टेंबर त्यावर पावसाचा आवाज सतत येतो. मंगळूरी कौल फुटले तर तेवढेच बदलता येते. वाशांना वाळवी लागली असेल तर आधी लाकूड बदलावे, मग कौलांचा विचार करावा. मागच्या उतारावर, रस्त्यावरून न दिसेल असा पत्रा घातला तर मला त्यात गैर वाटत नाही. पुढच्या उतारावर मात्र कौलेच ठेवावीत, कारण गल्लीतल्या घरांच्या पागोळ्या ज्या एका रेषेत गळतात, त्या रेषेनेच त्या गल्लीचे रूप ठरते.

खिडक्यांत पैसे वाचवण्याचा मोह टाळावा. सरकत्या खिडकीचा एका वेळी निम्माच भाग उघडतो. जुन्या सागवानी खिडकीची खालची झडपे लावून वरची उघडी ठेवता येतात, म्हणजे आडोसाही राहतो आणि वाराही येतो. कुजलेली असते ती बहुधा खालची पट्टी. तेवढाच भाग कापून नव्या सागवानाचा सांधा दिला की खिडकी पुढे अनेक वर्षे चालते.

परवानगीचे पहिल्याच बैठकीत बोलावे. घर वारसा यादीत असेल तर त्याची श्रेणी पाहावी. राज्यातील वारसा नियमांत 1, 2 आणि 3 अशा श्रेणी आहेत आणि श्रेणी जितकी वरची, तितकी बाह्य बदलाला मुभा कमी. यादीत नसलेल्या घराबाबतही प्रत्येक बदल भिंतीला इजा न करता पुन्हा काढता येईल का, हे विचारावे. पाटी किंवा पन्हळ काढता येते. दगडी जोत्यावर सिमेंटने चिकटवलेल्या टाइल्स काढताना दगडाची कड हमखास उडते.

खर्च एकदम झेपत नसेल तर दुसरा प्रस्ताव टप्प्याने घ्यावा: आधी छप्पर आणि पन्हळ, नंतर पश्चिमेची, पावसाचा मारा झेलणारी भिंत, शेवटी खिडक्या. चुन्याचे काम दिवाळीनंतर सुरू करावे, म्हणजे पुढच्या जूनपूर्वी गिलाव्याला घट्ट व्हायला पुरेसा अवधी मिळतो.