कुबेलिक की यान्सन्स? म्युनिकच्या रेडिओ ऑर्केस्ट्राचा माहलर निवडताना

म्युनिकच्या बव्हेरियन रेडिओ सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेल्या, संगीतकार गुस्ताफ माहलरच्या सिम्फनींचा (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या, अनेक भागांच्या रचनांचा) एकच संच घ्यायचा असेल, तर निवड राफाएल कुबेलिक आणि मारिस यान्सन्स या दोन वाद्यवृंद-संचालकांवर येऊन ठेपते. ऑयगेन योखुम यांनी १९४९ मध्ये उभारलेल्या या वाद्यवृंदाची धुरा पुढे कॉलिन डेव्हिस आणि लोरिन माझेल यांनीही वाहिली, आणि २०२३ पासून ती सायमन रॅटल यांच्याकडे आहे. परंतु माहलरपुरते पाहता खरी तुलना या दोघांचीच, असे मला वाटते.

कुबेलिक १९६१ ते १९७९ या काळात वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक होते. कम्युनिस्ट सत्ता आल्यावर १९४८ मध्ये त्यांनी चेकोस्लोव्हाकिया सोडला. माहलरचा जन्मही बोहेमियातलाच, आणि त्याच्या संगीतातले खेडवळ नाच कुबेलिक यांच्या हाती अगदी घरचे वाटतात. व्हायोलिनवादकांच्या दोन गटांपैकी पहिला डावीकडे आणि दुसरा उजवीकडे ते बसवत असल्याने दोन्ही बाजूंमधली सवालजवाबाची देवघेव स्पष्ट कळते. यान्सन्स २००३ पासून २०१९ मधील निधनापर्यंत प्रमुख होते. त्यांचा नाद अधिक भरदार आहे, आणि ध्वनिमुद्रणाची गुणवत्ता तर निर्विवाद सरस आहे.

माझ्यापुरता निर्णय झाला तो मात्र एका त्रासामुळे. पहिल्या सिम्फनीच्या आरंभी तंतुवाद्ये एकच स्वर अतिशय हळुवार धरून ठेवतात आणि दुरून तुताऱ्या ऐकू येतात. यान्सन्स यांच्या मुद्रणात हा भाग इतका मंद आहे की पंखा चालू असलेल्या खोलीत तो जवळजवळ हरवतो. आवाज वाढवावा, तर शेवटच्या भागाच्या पहिल्याच झांजेला धावत जाऊन तो कमी करावा लागतो. कुबेलिक यांच्या मुद्रणात एकदा लावलेला आवाज शेवटपर्यंत पुरतो. यान्सन्स यांनी पारितोषिकाची रक्कमसुद्धा म्युनिकच्या नियोजित सभागृहासाठी दिली होती. कदाचित सभागृहातला श्रोताच त्यांच्या मनात असावा. रेडिओच्या वाद्यवृंदाने घरी बसलेल्या श्रोत्यापर्यंत पोहोचावे, ही माझी अपेक्षा कुबेलिक अधिक पुरी करतात.

शांत खोली किंवा उत्तम हेडफोन असल्यास आपले मत वेगळे होऊ शकते. सहाव्या सिम्फनीचा पहिला भागही कुबेलिक फार घाईने घेतात, म्हणून तेवढी एक सिम्फनी यान्सन्स यांची वेगळी घ्यावी आणि संच कुबेलिक यांचा.