शिंतोहोचे ‘आमा’ रहस्यपट : काही महिने पुन्हा पुन्हा पाहिल्यानंतर

पावसाळ्यात हे जुने जपानी रहस्यपट बघायला घेतले, आता थंडी सरत आली तरी सोडवत नाहीत. आधीच सांगते, खुनी कोण हे शोधण्यासाठी बघणार असाल तर निराश व्हाल. अर्ध्या वाटेतच त्याचा अंदाज येतो.

आमा म्हणजे समुद्रात बुडी मारणाऱ्या बायका. १९५५च्या अखेरीस मित्सुगि ओकुरा शिंतोहो स्टुडिओचा प्रमुख झाला आणि स्वस्तात भरपूर गल्ला जमवणाऱ्या चित्रपटांचा सपाटा सुरू झाला. भुतं, खून, मोती आणि ओल्या कपड्यांतल्या बायका, सगळं एकाच तिकिटात. १९५६च्या ‘ओन्ना शिंजु-ओ नो फुकुशू’मध्ये मिचिको माएदा पाठमोरी विवस्त्र दिसली आणि जपानभर गाजली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका चित्रीकरणात किमोनो वर उचलायला तिने नकार दिला, तर स्टुडिओने तिला काढून टाकलं! हे कळल्यावर १९५६चा तो चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा माझं लक्ष फक्त तिच्या चेहऱ्यावर होतं. केवढी ताकदीची नटी होती!

माझा सगळ्यात आवडता १९५९चा ‘आमा नो बाकेमोनो याशिकी’. योको मिहारा आहे, शिवाय पुढे याकुझापटांत (जपानी गुंडटोळ्यांच्या चित्रपटांत) गाजलेला बुंता सुगावारा इथे अगदी कोवळा दिसतो. झपाटलेल्या वाड्यापेक्षा मला त्यातला समुद्र जास्त धरून ठेवतो. बाई डोकं खाली करून पाण्यात शिरते, पाय क्षणभर वर दिसतात, मग नुसते बुडबुडे. तेवढा वेळ आपणही श्वास रोखतो.

एक गोष्ट मात्र खटकत राहते. मिए प्रांतातल्या तोबा-शिमाच्या खऱ्या आमा मुख्यतः अबॅलोन (मोठ्या समुद्री गोगलगायी), शंख आणि समुद्री शेवाळ काढतात. नैसर्गिक मोती क्वचितच हाती लागतो. १८९३मध्ये मोत्यांचा व्यापारी कोकिची मिकिमोतोने तोबाजवळ शिंपल्यात मोती पिकवला, त्यानंतर शिंपले गोळा करायला आणि पुन्हा समुद्रात ठेवायलाही याच बायका लागल्या. वर आल्यावर त्या शीळ घातल्यासारखा श्वास सोडतात, त्याला ‘इसोबुए’ म्हणतात. डोक्याच्या फडक्यावर रक्षणासाठी चांदणी आणि जाळीची खूण असते. एवढं जग हाताशी असताना पटकथेला मात्र खजिनाच हवा असतो.

माझ्याकडच्या प्रती खरखरीत आहेत, सबटायटल्स कामचलाऊ. तरी चालतं. सुरुवात १९५९च्या चित्रपटापासून करा, मग माएदाकडे वळा. १९६०चा ‘काइदान आमा युरेई’ शेवटी ठेवा, तो सरळ भुताचाच आहे.