कार्यकारिणीत जायचं की सल्लागार मंडळावर?

निवृत्त प्राध्यापक गावात स्थिरावला की एखाद्या संशोधन मंडळाचे दोघं-तिघं घरी येतातच: “सर, यंदा कार्यकारिणीवर तुम्ही पाहिजेत.” होकार देण्याआधी सल्लागार मंडळावर जागा आहे का, तेही विचारा. मी सहा वर्षं कोषाध्यक्ष होतो, आता सल्लागार आहे. दोन्हीकडे बसून झालंय.

वरवर फरक दिसत नाही. तोच हॉल, तोच चहा, लेटरहेडवर दोघांचीही नावं. उन्हाळ्यात ऊन उतरल्यावर सहाला बैठक. फरक आहे तो सहीचा. सल्लागाराचं कुणी ऐकलं नाही तर विषय तिथेच संपतो. कार्यकारिणीतल्या माणसाची सही ठरावावर असते, करारावर असते, कधी चेकवरही असते. आपल्याकडची अशी मंडळं सहसा 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि शिवाय 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदलेली असतात. म्हणजे तुम्ही स्वतःला नुसता ‘सदस्य’ समजत असलात तरी कायदा तुम्हाला विश्वस्तच धरतो. तुमच्या हलगर्जीपणाने संस्थेचं नुकसान झालं तर ते खिशातून भरायची पाळी येऊ शकते.

माझंच सांगतो. मंडळाच्या इमारतीला रस्त्याकडून तीन गाळे आहेत. त्यातला एक मोबाइलवाल्याला पाच वर्षांच्या कराराने द्यायचं ठरलं. सचिव स्टँपपेपर घेऊन घरी आले. “सही करी टाका आप्पा, बाकीनं मंग दखू.” केली. इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते (शेतजमिनीला हीच मर्यादा दहा वर्षांची), हे मला नोटीस हातात पडल्यावर कळलं. पुढे दीड वर्ष तारखा. सल्लागार असतो तर त्या संध्याकाळी “वकिलाला दाखवून घ्या” म्हणालो असतो आणि भरीत-भाकरी खाऊन झोपलो असतो.

वेळेचंही तसंच. सल्लागाराला वर्षातून दोनदा बोलावतात. कार्यकारिणीला मार्चअखेर, त्यानंतर सहा महिन्यांत ऑडिट, निवडणूक झाली की 90 दिवसांत फेरफार अर्ज, म्हणजे बदललेली नावं धर्मादाय कार्यालयात कळवणं. कर्ज काढायचं तरी परवानगी. आणि देणगी ज्या कामासाठी आली त्याच कामाला लागली का, हे बघणं. ग्रंथप्रकाशनाला आलेले पैसे रंगकामात गेले की देणगीदार पुन्हा फिरकत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याला 1207चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाला कोण काय देणार, ते त्यात कोरलंय, अगदी घाण्यामागे पळीभर तेलापर्यंत. आमच्या पावतीपुस्तकात मात्र ‘किरकोळ देणगी’!

इतकं वाचून सल्लागारकीच बरी वाटेल. थांबा.

इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926ला धुळ्यात वारले. त्यांचं दप्तर टिकलं ते मागे मंडळ उभं राहिलं म्हणून, आणि मंडळ म्हणजे दरवर्षी कुणीतरी सह्या करणारी माणसं. आमच्याकडेही कागदपत्रांचे शंभरेक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. गेल्या मे महिन्यात एक उघडून बघितला तर कडा शाबूत आणि मधल्या पानांचं वाळवीने पीठ केलेलं. लाकडी कपाट भिंतीपासून हलवा, लोखंडी घ्या, असं मी सल्लागार म्हणून तीन बैठकांत बोललो होतो. इतिवृत्तात काय, तर ‘चर्चा झाली’. कोषाध्यक्ष असतो तर ठराव मांडून त्याच महिन्यात कपाट आणलं असतं. सल्लागाराला एवढं जमत नाही, आणि ते फार लागतं मनाला.

तेव्हा वर्षातले सहा महिने मुलाकडे पुण्याला जाणार असाल तर सल्लागारच व्हा. गावातच असाल आणि भर बैठकीत “पासबुक दाखवा” म्हणायला संकोच वाटत नसेल तर कार्यकारिणीत जा. मंडळाचं त्रैमासिक तुमच्याच भाच्याच्या छापखान्यात छापायचा विषय निघाला तर ते नातं आधी सांगून मतदानाच्या वेळी बाहेर थांबता येईल का, हेही स्वतःला विचारा. मानाचं म्हणाल तर दोन्हीकडे शाल-श्रीफळ सारखंच.

कुठलंही ठरवा, आधी मंडळाची घटना, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि परिशिष्ट एकचा उतारा (धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांच्या नावांची नोंद) मागून घ्या. आमच्या उताऱ्यावर सात नावं होती. दोघं वारलेले, एक सुरतेला स्थायिक, फेरफार अर्ज कधी पुरा झालेलाच नाही. त्यामुळे बँक नव्या सह्या घेईना. तुमच्याकडेही असंच निघालं तर जुनी नावं आधी कमी करून घ्या, मग तुमचं लावा.