कामाच्या कॉलसाठी हेडसेट: वायरचा, डोंगलचा की इअरबड्स?

दुकानात हेडसेट कानाला लावायचा, एखादं गाणं ऐकायचं आणि आवाज भरदार वाटला की पैसे द्यायचे, अशी बहुतेकांची खरेदी असते. पण कामाच्या कॉलमध्ये हेडसेटचं निम्मं काम आपल्याला ऐकूच येत नाही. आपला आवाज कसा पोहोचतोय हे फक्त समोरच्याला कळतं आणि तो सहसा सांगत नाही. ‘बरं, व्हॉट्सअ‍ॅप करा’ म्हणून फोन ठेवतो. म्हणून इथे तुलना करताना मी माइक आधी पाहिलाय, कानातला आवाज नंतर.

बाजारात नावं शेकड्यांनी असली तरी निवड तीन जातींत होते. लॅपटॉपच्या यूएसबीला लागणारा वायरचा हेडसेट, उदाहरणार्थ लॉजिटेक एच३९०. स्वतःच्या डोंगलसकट (लॅपटॉपच्या यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा, ज्याच्याशी हेडसेट बिनतारी जोडला जातो) येणारा ऑफिसचा वायरलेस हेडसेट, उदाहरणार्थ जाब्रा इव्हॉल्व्ह२ ६५. आणि छोट्या डबीत चार्ज होणारे इअरबड्स.

पहिल्या दोघांना माइकची दांडी असते, इअरबड्सना नसते. सगळा फरक इथून सुरू होतो. दांडीचा माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन-तीन सेंटीमीटरवर राहतो, इअरबडचा माइक दहा-बारा सेंटीमीटर लांब, कानापाशी. अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोहोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो; म्हणजे इथे तुमचा आवाज १२ डेसिबलच्या आसपास उतरला. डोक्यावरच्या पंख्याचा आवाज मात्र दोन्ही माइकना जवळजवळ सारखाच लागतो. मग इअरबडला सॉफ्टवेअरने गोंगाट कापत बसावं लागतं आणि त्या कापाकापीत शब्दांची टोकंही जातात. शांत खोलीत हे जाणवत नाही. शेजारी मिक्सर लागला किंवा खिडकीखालून रिक्षा गेली की लगेच जाणवतं.

बॉक्सवरच्या दोन अक्षरसमूहांनी इथे फार गोंधळ होतो. एएनसी म्हणजे तुमच्या कानाला बाहेरचा गोंगाट कमी ऐकू येणं. ईएनसी म्हणजे समोरच्याला तुमच्याकडचा गोंगाट कमी ऐकू येणं. एएनसी पाहून महागडे इअरबड्स घेतले तरी तेवढ्याने समोरच्याचा त्रास कमी होत नाही. इव्हॉल्व्ह२ ६५ एवढा महाग असूनही त्यात एएनसी नाही; कॉलसाठी मला ती उणीव वाटत नाही.

दुसरा मुद्दा ब्लूटूथचा, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. ब्लूटूथवर गाणं ऐकताना आवाज एकाच दिशेने येतो, त्यामुळे दर्जा चांगला असतो. माइक सुरू झाला की नेहमीचं ब्लूटूथ दुसऱ्या, दोन्ही दिशांच्या पद्धतीवर जातं आणि दर्जा उतरतो. विंडोज १० मध्ये एकाच हेडसेटची दोन नावं दिसतात, एक स्टीरिओ आणि एक हँड्सफ्री, ती यामुळेच. या हँड्सफ्रीची जुनी पद्धत ८ किलोहर्ट्झची आहे; तिच्यात ३,४०० हर्ट्झच्या वरचं जवळजवळ काही उरत नाही. नवी पद्धत १६ किलोहर्ट्झची, तिच्यात ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो.

मराठीत आकडे सांगणाऱ्यांना हा फरक थेट नडतो. ‘स’चा जोर ४,००० हर्ट्झच्याही वर असतो. तो कापला गेला की ‘सदतीस’ आणि ‘अडतीस’, ‘सदुसष्ट’ आणि ‘अडुसष्ट’ फोनवर सारखेच ऐकू येऊ लागतात. विम्याचा हप्ता, सळईचा भाव, बिलाची रक्कम, सगळे व्यवहार या आकड्यांवर चालतात. यूएसबीच्या वायरला हा प्रश्नच नाही, कारण आवाज ब्लूटूथमधून जातच नाही. डोंगल त्याच हेडसेटसाठी बनवलेला असल्याने तो सहसा वरच्या दर्जावर जोडला जातो. लॅपटॉपच्या अंगच्या ब्लूटूथला जोडलेले इअरबड्स कधी वरच्या पद्धतीवर चालतात, कधी खालच्या; ते लॅपटॉपवरही अवलंबून असतं.

एका जागी बसून काम करणाऱ्याला मी सरळ वायरचा सुचवेन. दोन ते चार हजारांत चांगला मिळतो, चार्जिंगची कटकट नाही, वीज गेली तरी लॅपटॉप चालू आहे तोवर हेडसेट चालू. एच३९० मध्ये आवाजाची आणि म्यूटची बटणं वायरवरच आहेत. अडचण मोबाइलची: त्याची पिन जुन्या रुंद यूएसबीची आहे, फोनला लावायची तर जोडणी वेगळी घ्यावी लागते. निम्मे कॉल मोबाइलवर होत असतील तर टाइप-सी पिनचा वायर हेडसेट बघा. साडेतीन मिलिमीटरच्या गोल पिनवाला स्वस्त पडतो, पण मग आवाजाचा दर्जा लॅपटॉपच्या साउंड कार्डवर सोडून द्यावा लागतो.

बोलता बोलता उठून कपाटातली फाइल काढणारा, गोदामात माल बघणारा, एकाच वेळी लॅपटॉप आणि मोबाइल सांभाळणारा माणूस असेल, तर डोंगलवाल्याचे दहा हजारांपुढचे पैसे वसूल होतात. इव्हॉल्व्ह२ ६५ दोन उपकरणांना एकदम जोडलेला राहतो, दांडी वर केली की म्यूट होतो आणि एका चार्जमध्ये गाणी ऐकायची तर ३७ तासांपर्यंत चालतो असं कंपनी सांगते. कॉल चालू असताना त्याचा लाल दिवा लागतो. घरून काम करणाऱ्यांना हा दिवा फार कामाचा. दार उघडणाऱ्याला कॉल चालू असल्याचं न विचारता कळतं.

इअरबड्स प्रवासासाठी ठेवा. एसटीत, क्लायंटच्या रिसेप्शनमध्ये, दोन मिनिटांच्या कॉलला ते उत्तम आहेत. दिवसभराच्या कामाला नाहीत: चार तास सलग बोललात तर बहुतेकांची बॅटरी मान टाकते, आणि कानाची भोकं दुखतात ती वेगळीच.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत फारशी सापडत नाही. कान बंद झाले की आपलाच आवाज आपल्याला दबलेला वाटतो आणि माणूस नकळत ओरडून बोलू लागतो. यावर उपाय म्हणजे साइडटोन: माइकमधला आपला आवाज थोडा आपल्याच कानात सोडणं. जाब्रामध्ये तो जाब्रा डायरेक्ट या सॉफ्टवेअरमधून कमी-जास्त करता येतो. स्वस्तात घेणार असाल तर दोन्ही कान झाकणाऱ्याऐवजी एका कानाचा घ्या. दुसरा कान मोकळा राहतो आणि आवाज आपोआप ताब्यात राहतो.

मुंबईत, कोकणात, गोव्यात हेडसेटच्या कानांवरच्या रेक्झिनच्या गाद्या घामाने चिकटतात आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांचे पापुद्रे सुटतात. म्हणून घेण्याआधी त्या मॉडेलच्या सुट्या गाद्या मिळतात का ते बघा. मिळत नसतील तर बाकी हेडसेट ठणठणीत असूनही टाकून द्यावा लागतो.

पार्सल आलं की परत करण्याची मुदत संपायच्या आत एक चाचणी कराच. पंखा पाचवर, खिडकी उघडी, आणि तुमच्या नेहमीच्या मीटिंगच्या अ‍ॅपवरून घरातल्याच कुणाला तरी दुसऱ्या खोलीत कॉल लावा. साध्या रेकॉर्डरवर अवलंबून राहू नका, कारण कॉलमध्ये अ‍ॅप आवाजावर स्वतःची प्रक्रिया करतं. सदतीस, अडतीस, सत्तावन्न, अठ्ठावन्न, सदुसष्ट, अडुसष्ट असे आकडे उलटसुलट सांगा आणि पलीकडच्याला कागदावर लिहायला लावा. मग दांडी गालाकडून हनुवटीकडे थोडी सरकवून पुन्हा करा. श्वासाची फुंकर थेट माइकवर बसत असेल तर ती याच वेळी सापडते. तरीही आकडे चुकत असतील तर हेडसेट परत पाठवा.