टायगर मॉथचं रडर: सुती कापड की पॉलिस्टर?

सोलापूर म्हणजे चादरींचं गाव, त्यामुळे घरी टायगर मॉथ या जुन्या विमानाची प्रतिकृती बांधणाऱ्याला रडरसाठी, म्हणजे शेपटीवरच्या विमान वळवणाऱ्या, कापडाने मढवलेल्या उभ्या पाट्यासाठी, 'सुतीच लावा' हा सल्ला हमखास मिळतो. १९३१ साली पहिल्यांदा उडालेल्या या विमानाला सुती कापड शोभतंही. सांगाड्याच्या फासळ्यांवर त्याची वीण सुरेख उठते. मात्र बाजारातलं शर्टिंग चालत नाही. विमानाचं सुती कापड इंचाला ८० पौंड ताण सोसणारं लागतं. ते आवळतं डोपने, म्हणजे कापडावर लावायच्या रोगणाने, आणि नायट्रेट डोप पटकन पेट घेतो. शिवाय इथल्या उन्हात सूत लवकर जीर्ण होतं.

पॉलिस्टर इस्त्रीने आवळतं: आधी साधारण १२० अंश सेल्सिअस, शेवटी १७५. इस्त्रीचं तापमान थर्मामीटरने तपासाच, कारण जास्त आवळलं तर रडरची मागची पातळ कड वाकते. उन्हापासून जपायला यालाही ॲल्युमिनियमच्या भुकटीचा चंदेरी थर हवाच, पण टिकतं कितीतरी जास्त.

कापड कोणतंही असो, ते फासळ्यांना टाके घालून शिवावंच लागतं. रंगही बेतानेच द्या. बिजागरीमागे वजन वाढलं की फडफडीचा, म्हणजे वाऱ्यात रडर जोरजोरात थरथरण्याचा, धोका वाढतो, आणि ती हवेत रडर मोडू शकते. उडवायचं असेल तर मी पॉलिस्टरच लावेन. सुती कापड फक्त प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या विमानाला.