मालदीव की श्रीलंका? प्रबंधाचा विषय ठरवताना

मुंबई विद्यापीठात, कलिन्याला राज्यशास्त्राचं एम.ए. करताय आणि परदेशातली लष्करी मोहीम का फसते किंवा फत्ते होते, यावर प्रबंध लिहायचाय? मग सोमालियासारख्या परक्या उदाहरणांकडे वळण्याआधी आपल्याच दोन मोहिमा शेजारीशेजारी ठेवा : श्रीलंका (१९८७–९०) आणि मालदीव (१९८८). सैन्य पाठवणारे पंतप्रधान तेच, सैन्य तेच, तिथल्या सरकारची संमती दोन्हीकडे. निकाल मात्र दोन टोकांचे.

मालदीवमध्ये काम एवढंच होतं : भाडोत्री हल्लेखोरांना हुसकावून राष्ट्राध्यक्ष गयूम यांना सुरक्षित करणं. ३ नोव्हेंबरला मदतीची हाक आली आणि त्याच रात्री आग्र्याहून निघालेली आयएल-७६ विमानं हुलहुले बेटावरच्या विमानतळावर उतरली. धावपट्टी राजधानी मालेपासून वेगळ्या बेटावर आहे. हल्लेखोरांना ती ताब्यात घेता आली नव्हती, आणि माझ्या मते अर्धी लढाई तिथेच जिंकली गेली. ओलीस घेऊन पळणारं जहाज पुढे नौदलाने गाठलं.

श्रीलंकेत काम बदलत गेलं. आधी शांतता राखायची, मग शस्त्रं जमा करायची, शेवटी थेट युद्ध. २९ जुलै १९८७ चा करार राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्यात झाला. ज्यांनी शस्त्रं ठेवायची, त्या एलटीटीईची (वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारे ‘वाघ’) त्यावर सहीच नव्हती. ऑक्टोबरमध्ये जाफना विद्यापीठावर रात्री हेलिकॉप्टरने जवान उतरवले. रेडिओ संदेश फुटल्यामुळे वाघ दबा धरूनच होते. गोळीबारात हेलिकॉप्टरं निकामी होऊ लागली, पुढच्या फेऱ्या थांबल्या आणि शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान एकाकी पडले. त्यातले २९ मारले गेले. १९८९ मध्ये सत्तेवर आलेले नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदास यांनी तर भारतीय सैन्यानेच निघून जावं म्हणून तगादा लावला. १९९० च्या मार्चमध्ये सैन्य परतलं, तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते.

निव्वळ मानवतावादी बाजू हवी असेल तर येमेनच्या युद्धात अडकलेल्यांना बाहेर काढणारं ‘ऑपरेशन राहत’ (२०१५) घ्या. आयएनएस मुंबई आणि तर्कश मुंबईहूनच निघाल्या होत्या. एडन बंदरात गोळीबारामुळे मोठं जहाज धक्क्याला लागेना, तेव्हा माणसं लहान होड्यांतून जहाजापर्यंत आणली. राजधानी सनाच्या विमानतळासाठी, येमेनवर हवाई हल्ले करणाऱ्या सौदीकडून उड्डाणाची वेळ मागून घ्यावी लागे. अशा वाटाघाटींवर लिहिण्यासारखं खूप आहे.

एकच सत्र हाताशी असेल तर मालदीव घ्या. मोहीम छोटी, आवाक्यातली. वर्ष असेल तर श्रीलंकाच. सुरुवात कराराच्या मसुद्यापासून करा, आणि कोणत्या कलमाची जबाबदारी कुणावर टाकली होती, हे आधी तपासा.